रानफुलांची नोंदवही

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने ज्या भूकमळांकडे बोट दाखवले, ती नेमकी कोणती फुले, याविषयी बायबलच्या अभ्यासकांचे अद्याप एकमत नाही. कोणी म्हणतात, गालीलच्या टेकड्यांवर वसंतात उमलणारी ती तांबडी ॲनिमोनी. कोणी आणखी दुसरे नाव सुचवतात. आणि कोणी म्हणतात, प्रभूच्या मनात एक विशिष्ट फूल नसावेच, पायाखालची सारीच असावीत. सेमिनरीत असताना हा वाद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरून गेलो. पुढे बऱ्याच वर्षांनी एका धर्मग्रामात असताना तो पुन्हा आठवला. आठवण्याचे कारण आम्हांला फारसे भूषणावह नाही; ते ओघात येईलच.

वसईच्या पूर्वपट्टीत, डोंगराच्या पायथ्याशी, जून महिना सरता सरता आदिवासी भगिनी टोपलीत हिरव्या पातीच्या जुड्या घेऊन रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या फाटकाशी बसतात. ही फोडशी. काही ठिकाणी तिला कुलू म्हणतात. पाती लांबट, गवतासारखी. बारीक चिरून, कांदा व भिजवलेली डाळ घालून परतली की वर्षातून तीन-चार आठवडे मिळणारी ही भाजी जेवणात रंगत आणते. जी पाती खुडली जात नाही तिच्यातून पुढे पांढऱ्या नाजूक फुलांचा तुरा वर येतो. मोतमावलीच्या नोव्हेनाला आमची मुले परडीतून जी फुले आणीत, त्यांत तेरडा, कुर्डू, रानहळद आणि क्वचित कळलावी यांच्या जोडीला, पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, हा उशिरा आलेला तुराही असे.

या फोडशीचे शास्त्रीय नाव ऐकून आम्ही चकित झालो होतो. ते आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. बोरिव्हिलियानम म्हणजे बोरिवलीची! वसईहून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावरील बोरिवलीचे नाव जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत या पालेभाजीमुळे कायमचे कोरले गेले आहे. हे नाव १९५५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून जाहीर झाले आणि ते देणारे होते येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस. औषधी बाजारात 'सफेद मुसळी' म्हणून ज्या मुळांना मोठा भाव येतो, ती याच वनस्पतीची मुळे. म्हणजे जी वनस्पती आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या रांधत आल्या, तिला शास्त्राच्या दप्तरात स्वतःची जागा मिळायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तिला नाव नव्हते असे नाही; नावे दोन-दोन होती. नोंद नव्हती.

नोंद या शब्दाला आम्हां धर्मगुरूंच्या जगात मोठे वजन आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव, आईबापांचे नाव, गाव, तारीख आणि साक्षीदार असले की शंभर वर्षांनीही त्या माणसाचा माग काढता येतो. वनस्पतींचीही अशीच नोंदवही असते, हे आम्हांला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील ब्लॅटर हर्बेरियम पाहिले तेव्हा कळले. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. फुलासह, शक्य तर मुळासह उपटलेले रोप टिपकागदांच्या घड्यांत दाबून ठेवायचे. पावसाळ्यात ते कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी येते. पूर्ण वाळल्यावर किडीपासून संरक्षण करून जाड कागदावर चिकटवायचे आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, क्रमांक. रंग उडून जातो, गंध तर केव्हाच गेलेला असतो. परंतु त्या चिठ्ठीमुळे ते वाळके रोप पुराव्याचा कागद बनते. अमुक फूल अमुक टेकडीवर अमुक साली होते, हे शपथेवर सांगणारा साक्षीदार तेथे लोखंडी कपाटात झोपलेला असतो. असे लाखाहून अधिक साक्षीदार त्या संग्रहात आहेत.

आपल्या प्रदेशातील रानफुलांच्या अभ्यासाची कथा अर्थात या संग्रहापूर्वीची आहे. सतराव्या शतकात मलबारात 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा थोर ग्रंथ तयार होत होता (तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला), तेव्हा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांना आरंभी साह्य करणाऱ्यांत कार्मेल संघाचे इटालियन धर्मगुरू फादर मॅथ्यू हे होते. त्या ग्रंथाची खरी भिस्त मात्र इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यावर आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोकणी वैद्यांवर होती. या तिघांचे नागरी लिपीतील कोकणी साक्षपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. देशी जाणकारांची नावे गोऱ्यांच्या ग्रंथात इतक्या ठसठशीतपणे छापली जाण्याचा योग पुढे दोनशे वर्षांत फारसा आला नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

मुंबई इलाख्यात हे काम प्रथम हौशी मंडळींनी अंगावर घेतले. जॉन ग्रॅहम हे टपाल खात्यातील अधिकारी. मुंबई व परिसरातील वनस्पतींची त्यांची सूची १८३९ मध्ये छापली गेली, आणि त्याच वर्षी, ती पूर्ण छापून होण्याआधीच, खंडाळ्याला त्यांचे निधन झाले. नंतर वनखात्यातील डॅलझेल आणि गिब्सन यांनी १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध केला. १९०१ ते १९०८ या काळात थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ खंडशः आला आणि आजही अभ्यासक तो हाताशी ठेवतात. हे कुकसाहेब व्यवसायाने इंजिनिअर. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होण्यापूर्वी ते रेल्वेत होते, आणि वसईच्या खाडीवरील पहिल्या लोखंडी पुलाच्या बांधकामात त्यांचा मोठा वाटा होता. वसईकर वाचकांनी खाडी ओलांडताना त्यांची एकवार आठवण करायला हरकत नाही.

आता आपल्या धर्मगुरूंकडे वळू. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मूळचे स्वित्झर्लंडचे. १८७७ चा त्यांचा जन्म. १९०३ मध्ये ते मुंबईस आले आणि सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. पुढे ते कॉलेजचे प्राचार्यही झाले. या संग्रहाचा आरंभ त्यांनी १९०६ च्या सुमारास केला. नेचे, ताड-माड, गवते, काश्मीरची फुले आणि एडन व अरबस्तानची वाळवंटी झुडपे, इतक्या विविध विषयांवर त्यांनी लिहिले. मुंबई इलाख्यातील गवतांवरचे त्यांचे पुस्तक चार्ल्स मॅककॅन यांच्या सहकार्याने सिद्ध झाले व फादरांच्या निधनानंतर, १९३५ मध्ये बाहेर पडले. गवताचे फूल कोणी फूल मानीत नाही; ते ओळखायला भिंग लागते आणि त्याहून अधिक चिकाटी लागते. या कामाबद्दल आम्हांला सर्वांत जास्त आदर वाटतो.

पहिल्या महायुद्धात मुंबईच्या मिशनमधील जर्मन येशूसंघीयांना नजरकैद व हद्दपारी भोगावी लागली आणि युद्धानंतर ती जबाबदारी स्पेनच्या येशूसंघीयांकडे आली. या राजकीय उलथापालथीमुळेच १९२८ मध्ये सांतापाव नावाचा तरुण स्पॅनिश व्रतस्थ भारतात आला. त्यांचा जन्म १९०३ चा, तारागोना प्रांतातील ला गालेरा या गावचा. लंडन विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते १९४० मध्ये सेंट झेवियर्समध्ये अध्यापनासाठी परतले. १९४१ मध्ये संग्रहाला ब्लॅटर यांचे नाव देण्यात आले. फादर सांतापाव यांनी पुढची वर्षे खंडाळ्याच्या डोंगरांत घालवली. उन्हाळ्यात, भर पावसात, हिवाळ्यात, पुन्हा पुन्हा त्याच वाटांनी. एकाच ठिकाणी वर्षभराचा फेरा पुरा होईपर्यंत जात राहणे ही त्यांच्या पद्धतीची गुरुकिल्ली होती. रानफूल ओळखायचे तर त्याच्या घरी सर्व ऋतूंत जावे लागते; एका भेटीत कळतो तो फक्त चेहरा. १९५३ मध्ये 'फ्लोरा ऑफ खंडाला' हा त्यांचा ग्रंथ आला. पुरंदर व सौराष्ट्रावरील ग्रंथ पुढचे.

सेमिनरीच्या ग्रंथालयात मागच्या फळीवर या खंडाळ्याच्या ग्रंथाची एक जुनी प्रत होती. आम्ही ती तरुणपणी एकदा उघडली आणि लॅटिन नावांच्या रांगा पाहून मिटली. ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासात हे कशाला, असे आम्हांला त्या वेळी वाटले, हे कबूल करतो. आदामाने पशुपक्ष्यांना नावे दिली असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. झाडाझुडपांचा तेथे उल्लेख नाही. ते काम बहुधा पुढच्या लोकांसाठी राखून ठेवले असावे, इतका साधा विचारही तेव्हा मनात आला नाही.

१९५४ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना झाली. तिच्या उभारणीत फादर सांतापाव यांनी मोठा वाटा उचलला व पुढे तिचे संचालकपद सांभाळले. परदेशात जन्मलेला एक कॅथोलिक धर्मगुरू स्वतंत्र भारताच्या सरकारी संस्थेचा प्रमुख असतो, याचे त्या काळी कोणाला वैषम्य वाटले नाही, हे आज मुद्दाम सांगावेसे वाटते. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० च्या जानेवारीत मुंबईत ते प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या परंपरेतील फादर सेसिल सालढाणा यांनी कर्नाटकातील हासन जिल्ह्यावर आणि फादर के. एम. मॅथ्यू यांनी तमिळनाडूतील वनस्पतींवर तसेच भरीव काम केले. महाराष्ट्रात १९९६ पासून डॉ. मार्सेलिन आल्मेडा यांचे 'फ्लोरा ऑफ महाराष्ट्र'चे खंड निघाले.

ज्या फुलांना फादर सांतापाव यांचे नाव पुढच्या अभ्यासकांनी दिले त्यांत एक सेरोपेजिया आहे. या कुळीला मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. फूल खरोखरच कंदिलासारखे: वर पाकळ्यांचा पिंजरा, खाली अरुंद नळी, तळाशी फुगा. नळीत खाली वळलेले केस असतात. वासाला भुलून लहानशी माशी आत उतरते आणि केसांमुळे तिला परतता येत नाही. ती आत धडपडत असताना पराग तिच्या अंगाला चिकटतात; मग केस कोमेजतात आणि माशीची सुटका होते. कैद्याला इजा न करता काम करून घेणारा असा तुरुंग मनुष्याला अद्याप बांधता आलेला नाही. सह्याद्रीत या कुळीच्या अशा कितीतरी जाती आहेत ज्या जगात अन्यत्र कोठेही नाहीत. काही तर एखाद्या किल्ल्यावर व शेजारच्या दोन-तीन डोंगरांवरच आढळतात. यांचे कंद गोडसर लागतात, म्हणून गुराखी मुले ते उकरून खातात, रानडुकरे व साळिंदरही खातात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाती शोधून, वाढवून, पुन्हा त्यांच्या मूळ डोंगरांवर लावण्याचे काम केले आहे. शोधणे, ओळखणे आणि परत नेऊन ठेवणे, या तिन्ही पायऱ्या एकाच माणसांनी चढल्याचे असे उदाहरण विरळा.

शिंदळ माकुडीची कथा याहून वेगळी. जुन्नरच्या परिसरातून प्रथम मिळालेल्या या मांसल देठाच्या वनस्पतीला डॅलझेल यांनी तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया असे नाव दिले. कड्याच्या कपारीत लोंबणारी, किरमिजी रंगाच्या चांदणीसारखी, पिवळे डाग असलेली फुले. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवरच ती उरली आहे. गंमत अशी की कुंडीत फांदी खोचली तरी ती सहज जगते. बागेत सुखाने वाढणारी ही वनस्पती आपल्याच घरी का तग धरत नाही, याचे उत्तर कड्यावर शोधावे लागते: वणवे, चराई, दरडी, आणि जिज्ञासूंचे हातही.

होय, जिज्ञासूंचे हातही. फुलांवर प्रेम करणाऱ्यांनी फुलांचे नुकसान केले नाही असे म्हणता येणार नाही. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. मग गर्दी लोटली. खडकावरच्या दोन बोटे मातीत गेंद, सीतेची आसवे, तेरडा व सोनकी फुलतात. त्या मातीवर एका रविवारी हजारो पावले पडू लागली. संरक्षणासाठी तारेचे कुंपण घातले गेले. माणसे थांबली, पण गुरेही थांबली. गुरांनी खाल्ले नाही म्हणून उंच गवत माजले आणि त्याखाली बुटकी फुले दबू लागली, अशी तक्रार अभ्यासकांनी व गावकऱ्यांनी केली. अखेर ते कुंपण काढण्यात आले. राखणे म्हणजे कुंपण, ही आमच्यासारख्या आवारभिंती बांधणाऱ्यांची समजूत तेथे खोटी ठरली. आणखी एक समजूत: कारवी सात वर्षांनी फुलते असे सगळेच म्हणतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कारवीने २००८ नंतर २०१६ मध्ये बहर धरला. म्हणजे आठ. मोजणाऱ्याने मोजले म्हणून कळले.

आता त्या टेकाडाविषयी.

त्या धर्मग्रामात आम्ही रुजू झालो तेव्हा चर्चच्या मागे मुरुमाचे एक लहानसे टेकाड होते. उन्हाळ्यात अगदी ओसाड, दगड आणि वाळके गवत. सणाच्या दिवशी गाड्या उभ्या करायला जागा नव्हती व युवकांना मैदान हवे होते. धर्मग्राम मंडळाच्या सभेत ठराव मांडला गेला; विरोध कोणीच केला नाही आणि सही आमची. एप्रिलमध्ये यंत्राने चार दिवसांत टेकाड सपाट केले. 'पडीक जागेचा सदुपयोग' असे शब्द आम्ही त्या वर्षीच्या अहवालात लिहिले. ते आजही दप्तरात आहेत.

सप्टेंबरमध्ये नोव्हेना सुरू झाला. पहिल्या दिवशी मुले परड्या घेऊन आली त्या झेंडू व शेवंतीने भरलेल्या होत्या, बाजारातून विकत आणलेल्या. वेदी भरगच्च दिसली. मिस्सानंतर एक वृद्ध आजी सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, यंदा मावलीला रानची फुलं नाहीत का?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. पुढल्या जूनमध्ये फाटकाशी फोडशी विकणाऱ्या बाईला आम्ही सहज विचारले की टोपली एवढी रिकामी का. तिने मैदानाकडे हात केला. "फादर, निम्मी तर तुमच्या टेकाडावरचीच असायची. आता पार वरच्या डोंगराला जावं लागतं."

तेव्हा कोठे आम्ही त्या भाजीचे शास्त्रीय नाव शोधले, आणि ते नाव ज्यांनी दिले त्यांचा ग्रंथ आम्ही विद्यार्थिदशेत मिटून ठेवला होता हे ध्यानात आले. त्या टेकाडावर काय काय होते याची यादी आज आम्हांला करता येत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत १८०० सालचे नाव आम्ही दोन मिनिटांत काढून दाखवू; पण आमच्या स्वतःच्या आवारात पाच वर्षांपूर्वी कोणती फुले होती, याचा एकही कागद आमच्यापाशी नाही. आजींना तेरडा, कुर्डू, रानहळद व कळलावी आठवतात. "आणखी एक निळं बारकं असायचं," असे त्या म्हणतात. ते कोणते, कोणास ठाऊक.

मैदानाच्या कडेला, जेथे यंत्राने उकरलेला मुरूम ढीग करून टाकला होता, तेथे आम्ही ती जागा तशीच राखायचे ठरवले. त्या बाईने वरच्या डोंगरातून फोडशीची काही मुळे मातीसकट आणून दिली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी आमच्याच गावची एक मुलगी दर पंधरवड्याला येऊन तेथे काय उगवले ते वहीत लिहिते. ठिकाण, तारीख आणि साक्षीदाराची सही, सगळे रीतसर. पहिल्या वर्षी बहुतेक मुळे कुजली. दुसऱ्या वर्षी आपोआप तेरडा आला. कुर्डू तर कोठेही येतो.

गेल्या पावसाळ्यात फोडशीच्या सात रोपांनी पाती धरली. आम्ही त्या बाईला म्हटले, "यंदा या खुडू नकोस, वाढू दे." ती हसली. म्हणाली, "फादर, आम्ही वरची पात घेतो, मूळ ठेवतो. पात खुडून कुलू मरत नाही. मुळं खणून नेणारे वेगळे, ते पिशव्या घेऊन गाडीतनं येतात." मुसळीच्या मुळांचा तो व्यापार, ज्यामुळे कित्येक रानांतून ही वनस्पती नाहीशी झाली, तिला आमच्याआधी ठाऊक होता. मग तिने वाकून पाच रोपांची बाहेरची पात खुडली आणि दोन रोपे फुलायला ठेवली. जुडी लहानशीच झाली. ती आम्ही घेतली, आणि वहीत त्या दिवशीच्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून तिचा अंगठा घेतला.